तलावापासून नदीपर्यंत : कुंभकोणमची यात्रावाट

१

तंजावरच्या ईशान्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर, उत्तरेकडे कावेरी आणि दक्षिणेकडे अरसलार अशा दोन प्रवाहांच्या मध्ये कुंभकोणम वसले आहे. शैव संतांच्या तमिळ पदांत त्याचे नाव कुडमूक्कु असे येते. वैष्णव आळ्वारांच्या रचनांत ते कुडंदै होते. ‘कुडम्’ म्हणजे घडा आणि ‘मूक्कु’ म्हणजे नाक. नगराच्या जुन्या-नव्या सर्व नावांत घडा आहे आणि स्थलपुराणही त्या घड्याचेच आहे. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे अमृतासह एका कुंभात ठेवली. कुंभ पाण्यावर तरंगत दक्षिणेकडे आला आणि जेथे थांबला तेथे किराताच्या वेषातील शिवाने बाण मारून तो फोडला. सांडलेले अमृत दोन ठिकाणी साचले. त्यांपैकी एक महामहम तलाव आणि दुसरे पोट्रामरै, म्हणजे सुवर्णकमळाचे तळे. अमृतात भिजलेल्या वाळूचे जे लिंग शिवाने घडविले ते आदिकुंभेश्वर.

पुराणातील हा भूगोल आजही पायी चालून पाहता येतो. पर्वणीला येणारा यात्रिक प्रथम महामहम तलावात, नंतर पोट्रामरै तळ्यात आणि अखेरीस कावेरीत स्नान करतो. तलाव नगराच्या आग्नेय भागात आहे, नदी उत्तरेला आहे, आणि मधले अंतर फार तर दीड-दोन किलोमीटरांचे. एवढ्या अंतरात चोळ, नायक, मराठे आणि इंग्रज अशा चार राजवटींच्या खुणा एकमेकींना खेटून उभ्या आहेत. स्नानाचा क्रम सांभाळणारी यात्रावाट म्हणून तिचे महत्त्व आहेच. इतिहासाच्या अभ्यासकालाही नगर वाचण्यासाठी यापेक्षा सोयीचा मार्ग सापडणे कठीण.

मराठी वाचकाला या पर्वणीचे गणित परके वाटणार नाही. गुरू सिंह राशीत असता नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ भरतो. तोच गुरू सिंहेत असता, तमिळ मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, चंद्र मघा नक्षत्री येतो तेव्हा कुंभकोणमला महामहम होते. ‘मकम्’ हे मघेचेच तमिळ रूप. १९९१-९२, २००३-०४ आणि २०१५-१६ या तिन्ही वेळी गोदावरीचा सोहळा आटोपल्यावर काही महिन्यांनी कावेरीकाठी महामहम झाले. १९९२, २००४ आणि २०१६ ही त्याची वर्षे. यापुढील महामहम २०२८ मध्ये आहे. सह्याद्रीतून निघून पूर्वसमुद्राला मिळणाऱ्या दोन नद्या एकाच ग्रहयोगाने बांधल्या गेल्या आहेत.

तरीही मराठ्यांच्या इतिहासग्रंथांत कुंभकोणमला फारशी जागा मिळालेली नाही, आणि याचे कारण उघड आहे. तंजावरला राजवाडा आहे, सरस्वती महाल ग्रंथालय आहे, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. राज्यकर्त्यांनी आपली आठवण तेथे शिळेवर लिहून ठेवली. कुंभकोणमला असा लेख नाही, वाडा नाही, मराठी ग्रंथांची कपाटे नाहीत. तेथे मराठी माणसे नुसती राहिली. जे राज्य करून गेले त्यांचा माग दगडावर लागतो. जे राहिले त्यांचा माग कसा काढावा, हा प्रश्न या वाटेवर पावलोपावली समोर येतो.

२

वाटेचा आरंभ महामहम तलावापासून होतो. सुमारे सहा एकरांचे हे जलाशय चारही अंगांनी दगडी पायऱ्यांनी बांधलेले असून त्याच्या काठावर सोळा लहान मंडप आहेत. तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी ते बांधविले, असे परंपरा एकमुखाने सांगते. तुलापुरुषदानात तोललेले सोने या कामी खर्ची पडले, असेही सांगितले जाते. एका मंडपाच्या छतावर तुलेचे शिल्प आहे. नायकांची बोली तेलुगू, गोविंद दीक्षित कन्नड ब्राह्मण घराण्यातील, आणि त्यांचे पुत्र वेंकटमखी यांनी ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला तो संस्कृतात. तमिळ देशाच्या या मध्यवर्ती तीर्थाला सध्याचे रूप देणारे लोक बाहेरून आले होते, ही गोष्ट पुढील वाटचालीसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तलावाच्या उत्तर तीरावर काशीविश्वनाथाचे देऊळ आहे. तेथे गंगा, यमुना, नर्मदा, सरस्वती, गोदावरी, कावेरी आदी नऊ नद्या कन्यारूपात उभ्या आहेत. लोकांची पापे धुऊन मलिन झालेल्या नद्यांनी आपले पाप कोठे धुवावे, असे शिवाला विचारले, तेव्हा त्याने त्यांना या तलावाकडे पाठविले, अशी कथा आहे. तलावाच्या तळाशी विहिरी आहेत. त्यांतील पाणी या नद्यांचेच मानले जाते. कुंभकोणमच्या कल्पनेप्रमाणे सिंहस्थातील गोदावरी स्वतःच्या शुद्धीसाठी येथे येते.

या पायऱ्यांवर दुःखाचीही नोंद आहे. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहमच्या स्नानप्रसंगी चेंगराचेंगरी होऊन चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाखोंची गर्दी एका मुहूर्तावर सहा एकरांच्या पाण्याकडे लोटते तेव्हा श्रद्धेइतकाच व्यवस्थेचाही प्रश्न असतो. नाशिकच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. २००३ च्या सिंहस्थात तेथेही तसेच घडले होते.

तलाव सोडून नगरात शिरले की नागेश्वराचे देऊळ लागते. आरंभीच्या चोळकाळातील हे शिल्प आकाराने लहान आहे. पण गर्भगृहाच्या बाह्य भिंतींवरील देवकोष्ठांत ज्या मानवी आकृती आहेत, त्यांच्या चेहऱ्यांवरची व्यक्तिविशिष्टता पाहून कलेचे इतिहासकार वारंवार येथे थांबले आहेत. त्या राजस्त्रिया असोत वा देवता, शिल्पकारासमोर कोणी खरे माणूस उभे होते, असा भास होतो. चित्तिरै महिन्याच्या आरंभी काही दिवस सूर्यकिरण थेट लिंगावर पडतात. चोळांची एक राजधानी पळैयारै येथून काही किलोमीटरांवर होती. दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर तर नगराच्या वेशीलाच लागून आहे. मात्र यात्रावाट त्या बाजूस न वळता शार्ङ्गपाणीच्या अकरामजली गोपुराकडे जाते.

३

शार्ङ्गपाणीचे गर्भगृह रथाच्या आकाराचे आहे. हत्ती आणि घोडे तो रथ ओढीत आहेत. वैष्णव परंपरेत या देवळाशी एक विलक्षण आख्यायिका जोडलेली आहे. नाथमुनी नावाच्या आचार्यांनी काही यात्रिकांच्या तोंडून कुडंदैच्या देवावरील तमिळ पदे ऐकली. ती हजार पदांपैकी केवळ दहा आहेत, उरलेली लुप्त झाली, असे कळल्यावर त्यांनी शोध आरंभिला आणि त्यातूनच आळ्वारांच्या चार हजार पदांचे संकलन, म्हणजे ‘नालायिर दिव्यप्रबंधम्’, सिद्ध झाले. आख्यायिकेतील चमत्कार वगळला तरी तिचा गाभा अर्थपूर्ण आहे. एक वाङ्मय हरवले होते. त्याचा धागा या गावच्या देवावर रचलेल्या दहा पदांत सापडला. हरवलेले वाङ्मय परत मिळण्याची आणखी एक घटना याच गावी एकोणिसाव्या शतकात घडली. ती मात्र आख्यायिका नसून तारीखवार इतिहास आहे. तिच्याकडे वाटेच्या शेवटी यावयाचे आहे.

गोपुरासमोरच्या सन्निधी वीथीत कौलारू छपराचे एक साधे घर आहे. पुढे ओटा, आत अरुंद खोल्या. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. परंतु त्यांचे बालपण आणि तारुण्याचा मोठा भाग या घरात गेला. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. टाउन हायस्कूलमधील हुशार विद्यार्थी म्हणून रामानुजन १९०४ मध्ये सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाले आणि गणिताखेरीज अन्य विषयांत अनुत्तीर्ण झाल्याने ती शिष्यवृत्ती गमावून बसले. पुढे नेल्लूरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव यांनी दरमहा पंचवीस रुपये देऊन त्यांना उभे केले. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ही संस्था १९०७ मध्ये स्थापन झाली होती. तिच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापला गेला. त्या संस्थेचे ग्रंथालय आरंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. कुंभकोणमच्या ओट्यावरील पाटी आणि पुण्याचे ग्रंथालय यांच्यामधला हा दुवा लहान आहे, पण खरा आहे. हे घर २००३ मध्ये तंजावरच्या शास्त्र विद्यापीठाने घेतले असून आता तेथे स्मारक आहे.

शार्ङ्गपाणीच्या पाठीशी पोट्रामरै तळे आहे. यात्रिकाचे दुसरे स्नान येथे होते. तळ्याच्या पलीकडे आदिकुंभेश्वराचे विस्तीर्ण देवालय आहे, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत पितळी व तांब्याच्या भांड्यांची दुकाने आहेत. या दुकानांत ‘कंगाळम्’ विकत मिळते; ते मराठी घरातले गंगाळ होय. मिठाईवाल्यांकडची ‘पोळी’ ही पुरणाची पोळीच. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला, ही लोकप्रिय गोष्टही येथे हमखास कानी येते. तिला समकालीन लेखी आधार नाही, म्हणून तिच्यावर भार टाकणे बरे नव्हे. गंगाळ आणि पोळी हे शब्द मात्र तमिळ कोशांत रुजलेले आहेत, आणि कुंभकोणमच्या मराठी शतकांचा माग प्रथम त्यांच्यातच लागतो.

४

व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले ते १६७५-७६ च्या सुमारास. १७९९ च्या तहाने प्रत्यक्ष कारभार कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या निधनानंतर राज्य खालसा झाले. पावणेदोनशे वर्षांच्या या काळात कुंभकोणम हे राज्याचे धर्मक्षेत्र, विद्याक्षेत्र आणि व्यापाराची पेठ राहिले. नायककाळी रामस्वामी मंदिर आणि चक्रपाणी मंदिर यांना जोडणारी बाजारपेठ आखली गेली होती. तीच पुढे भरभराटीला आली. मध्वसंप्रदायी विजयींद्रतीर्थांचे वृंदावन येथे सोळाव्या शतकापासून होतेच. त्यामुळे देशस्थ माध्व कुटुंबांना हे नगर परके वाटले नसावे. अठराव्या शतकात कांची कामकोटी पीठाचे वास्तव्य येथे झाले आणि दीर्घकाळ ते कुंभकोणम मठ याच नावाने ओळखले गेले.

नगराच्या एका भागातील रस्त्यांना अजूनही दबीर वीथी म्हणतात. दबीर हा शब्द मूळचा फारसी. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सुमंत म्हणून जे पद होते त्याचेच ते जुने नाव. तंजावरच्या दरबारातही ते पद चालू राहिले. ज्या तमिळ लिपीत ‘द’ आणि ‘त’, ‘ब’ आणि ‘प’ यांना वेगळी अक्षरे नाहीत, त्या लिपीतील पाटीवर हा फारसी-मराठी हुद्दा टिकून आहे. त्याचा अर्थ तेथील रहिवाशाला बहुधा ठाऊक नसतो. तो पुसला मात्र गेला नाही.

मराठी राजवटीचे सर्वांत मोठे दान नगराबाहेर काही किलोमीटरांवर आहे. व्यंकोजीचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये कावेरीकाठचे तिरुविशनल्लूर हे गाव ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिले. त्याला शहाजिराजपुरम् असे नाव पडले. या राजाने स्वतः मराठी आणि तेलुगू भाषांत नाट्यरचना केल्या. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगाआधी दीडशे वर्षे मराठी नाटक कावेरीच्या खोऱ्यात लिहिले जात होते, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांनी आता मान्य केलेली आहे. अग्रहारातील पंडितांनी व्याकरण, काव्य आणि वेदांत या विषयांत संस्कृत ग्रंथांची मोठी भर घातली. तरीही हे दान निखळ गौरवाने सांगता येत नाही. अग्रहाराचे उत्पन्न म्हणजे कुळांनी पिकविलेल्या भाताचा वाटा होता, आणि त्या वीथींत कोणी पाऊल ठेवावे यावर जातीचा कडक निर्बंध होता.

या निर्बंधाचे स्मरण त्याच गावातील एका कथेत टिकले आहे. श्रीधर वेंकटेश अय्यावाळ हे तेथील शिवभक्त पंडित. श्राद्धाच्या दिवशी दारी आलेल्या भुकेल्या अंत्यजाला त्यांनी श्राद्धाचे अन्न वाढले. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले; तेव्हा अय्यावाळांनी केलेल्या प्रार्थनेने गंगा त्यांच्या घरच्या विहिरीत उसळली. कार्तिक अमावास्येला आजही लोक त्या विहिरीवर स्नानाला जमतात. पैठणच्या एकनाथांच्या चरित्रातील श्राद्धान्नाचा प्रसंग ज्याने ऐकला आहे, त्याला ही कथा ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. एकीतून दुसरी उगवली असे म्हणण्यास पुरावा नाही. मात्र गोदाकाठी आणि कावेरीकाठी एकाच प्रकारच्या भिंतीवर एकाच प्रकारे आघात करावा लागला, एवढे त्यांतून निश्चित दिसते.

अय्यावाळ, गोविंदपुरमचे बोधेंद्र सरस्वती आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी या तिघांना दक्षिणेतील नामसंकीर्तन परंपरेचे प्रवर्तक मानतात. तिघांचीही गावे कुंभकोणमच्या परिसरात आहेत. सद्गुरुस्वामींनी घालून दिलेल्या भजनक्रमात संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि कन्नड पदांबरोबर मराठी अभंगांना स्थान आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचा प्रभाव तंजावरच्या कृष्ण भागवतरांवर पडला आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे छंद रूढ झाले. ज्यांच्या घरात मराठीचा एक शब्द बोलला जात नाही, अशा तमिळ गायकांच्या मुखी तुकोबा आणि नामदेव पोहोचले ते या मार्गाने. गोविंदपुरम येथे २०११ मध्ये विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले, तेही या परंपरेचे अलीकडचे फळ होय.

या काळाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी तंजावर प्रांत उद्ध्वस्त केला. कालवे फुटले, गावे ओस पडली. अर्काटचा नवाब आणि कंपनी यांच्या मागण्या भागविताना दरबार कर्जात रुतला आणि त्या कर्जाचा भार शेवटी याच सुपीक जमिनीवर आला. त्या कारभाराच्या मोडी कागदांचे गठ्ठे तंजावरला सुरक्षित आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. मोडी वाचणारे मात्र थोडे, आणि मोडीबरोबर तंजावरी मराठीची बोली जाणणारे त्याहून थोडे. कुंभकोणमच्या पेठेचा, घाटांचा आणि सामान्य माणसांचा इतिहास या गठ्ठ्यांतून अजून पुरता बाहेर यावयाचा आहे.

५

राज्य बुडाल्यावर मराठी कुटुंबांचे काय झाले, याचे उत्तर कुंभकोणमच्या एका घराण्याच्या इतिहासात मिळते. ‘सर टी. माधवराव’ या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले माधवराव तंजावरी मराठी देशस्थ कुटुंबातील होते. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. मद्रासमध्ये इंग्रजी विद्या घेऊन माधवराव स्वतः त्रावणकोरचे दिवाण झाले आणि १८७२ पर्यंत त्या पदावर राहिले. कर्जबाजारी संस्थान त्यांनी सावरले, जाचक मक्तेदाऱ्या मोडल्या, शाळा आणि रस्ते काढले.

त्यानंतरचा त्यांचा प्रवास मराठी इतिहासाच्या दृष्टीने विशेष आहे. १८७३ मध्ये ते होळकरांच्या इंदूरला आणि १८७५ मध्ये गायकवाडांच्या बडोद्याला दिवाण म्हणून गेले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले होते, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला होता. त्याला अधिकार मिळेपर्यंत राज्याचा कारभार माधवरावांनी पाहिला. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांचे पूर्वज महाराष्ट्र सोडून कावेरीकाठी आले होते, त्यांचा वंशज मराठी संस्थानांची घडी बसविण्यासाठी उत्तरेकडे गेला. तेथे मात्र तो ‘मद्रासी’ दिवाण ठरला. बडोद्यात त्यांनी दक्षिणेतून अधिकारी आणले, यावरून कुरबुरीही झाल्या. महाराष्ट्राच्या दृष्टीने मराठी किती काळ मराठी राहतो, हा प्रश्न त्या कुरबुरींमागे होता.

माधवरावांचे चुलतबंधू आर. रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण झाले. शास्त्राधारे विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या दक्षिणेतील सुधारकांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. १८८७ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्यासह त्यांनी राष्ट्रीय सामाजिक परिषदेची स्थापना केली आणि त्याच वर्षी मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. पुणे आणि कुंभकोणम येथील मराठी भाषकांना एकत्र आणले ते भाषेच्या अभिमानाने नव्हे, सुधारणेच्या समान चिंतेने. आणि त्यांची व्यासपीठावरची भाषा इंग्रजी होती.

६

यात्रावाट आता चक्रपाणीच्या देवळावरून कावेरीच्या घाटांवर उतरते. तिसरे स्नान येथे. उन्हाळ्यात वाळवंट, पाणी सोडल्यावर दुथडी असे नदीचे रूप मेट्टूर धरण झाल्यापासून माणसाच्या हाती आले आहे. पलीकडच्या तीरावर सरकारी महाविद्यालयाच्या इमारती दिसतात. १८५४ मध्ये शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे महाविद्यालय झाली आणि दक्षिणेचे केंब्रिज म्हणून नावाजली गेली. पूल होण्यापूर्वी विद्यार्थी नावेतून नदी ओलांडीत. रामानुजनही याच पाण्यावरून गेले. संस्थेला नावारूपाला आणले ते दोघांनी, विल्यम पोर्टर आणि टी. गोपाळराव. गोपाळरावांच्या नावातील ‘राव’ माधवरावांच्याच समाजाचा. ते तंजावरी मराठी.

१८८० साली महाविद्यालयातील तमिळचे पंडित त्यागराज चेट्टियार निवृत्त होत होते. आपल्या जागी त्यांनी पंचवीस वर्षांच्या एका तरुणाची शिफारस केली. त्याच्याजवळ इंग्रजी विद्या नव्हती, पदवी नव्हती. मठात गुरूपाशी बसून केलेले तमिळचे अध्ययन एवढेच भांडवल होते. गोपाळरावांनी त्याची परीक्षा घेतली आणि नेमणूक केली. तो तरुण म्हणजे यू. वे. स्वामीनाथ अय्यर. त्यांचा जन्म १८५५ चा, म्हणजे तंजावरचे राज्य संपले त्याच वर्षाचा.

त्याच वर्षी कुंभकोणमला मुन्सफ म्हणून आलेल्या सेलम रामस्वामी मुदलियार यांनी या तरुण पंडिताला विचारले की, तुम्ही कोणते ग्रंथ वाचले आहेत. स्वामीनाथ अय्यरांनी पुराणे, अंतादी, कोवै अशा प्रबंधांची नावे घेतली. मुन्सफांचे समाधान झाले नाही. त्यांनी ‘जीवकचिंतामणी’चे नाव काढले आणि तिची प्रत हाती ठेवली. या जैन महाकाव्याचा अर्थ लावण्यासाठी शैव पंडित कुंभकोणममधील जैन गृहस्थांच्या घरी जाऊ लागले. १८८७ मध्ये ग्रंथ छापून निघाला. त्यानंतर ‘शिलप्पदिकारम्’ (१८९२), ‘पुरनानूरु’ (१८९४), ‘मणिमेखलै’ (१८९८) अशी एकेक प्राचीन कृती वाळवीच्या तोंडून सुटून वाचकांसमोर आली. १९०३ मध्ये मद्रासला बदली होईपर्यंत हे सारे काम याच नगरात, याच महाविद्यालयाच्या नोकरीवर चालले. ज्या प्राचीनतेचा तमिळ भाषेला आज सार्थ अभिमान आहे, तिचा मोठा भाग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या नदीकाठी परत मिळालेला आहे. नाथमुनींच्या आख्यायिकेला इतिहासाने दिलेला हा जोड म्हणावा लागेल.

गोपाळरावांनी त्या दिवशी घेतलेला निर्णय प्राचार्याच्या नित्य कामाचा होता. त्यात मराठीपणाचा कोठे संबंध नव्हता, आणि म्हणूनच तो येथे नोंदविण्यासारखा आहे. मराठी सत्तेच्या खुणा शोधीत कुंभकोणमला येणाऱ्याला गंगाळ, पोळी, दबीर वीथी आणि भजनातील चार अभंग एवढ्यावर समाधान मानावे लागते, आणि त्याला ते थोडे वाटते. पण या नगरातील मराठी भाषकांची सर्वांत टिकाऊ कामे मराठीत झालेलीच नाहीत. ती मल्याळी प्रजेच्या शाळांत आहेत, बडोद्याच्या कारभारात आहेत, आणि एका तमिळ पंडिताच्या नेमणुकीत आहेत. कन्नड गोविंद दीक्षितांचे मंडप जसे आज कोणी कन्नड म्हणून मोजीत नाही, तसेच यांचे झाले.

याचा अर्थ जे विरले त्याची हळहळ करू नये असा नाही. तंजावरी मराठीत म्हणी, ओव्या, नात्यांची नावे आणि सणांचे शब्द होते. घराघरांतून ते ओसरत आहेत, आणि मोडी गठ्ठ्यांना वाचक हवे आहेत. स्वामीनाथ अय्यरांना वाट दाखविणारा एक मुन्सफ भेटला आणि त्यांना नोकरी देणारा एक गोपाळराव भेटला. त्या गठ्ठ्यांसाठी तसे कोणी अजून भेटायचे आहे.

२०२८ च्या मासी महिन्यात पर्वणीचा यात्रिक पुन्हा तलावावरून निघून तळ्याला वळसा घालील आणि या घाटावर पोहोचेल. नदीला पाणी असेल तर पलीकडच्या महाविद्यालयाची सावली त्यात पडलेली त्याला दिसेल.